नाडीचा रकाना

९ मार्च, सोमवार
हॉस्टेल, दुपार

प्रिय वहिनी,

पाया पडते असं लिहिणार होते, पण तुझेच पाय तुला महिनाभर दिसलेले नाहीत असं दादा सांगतो, तेव्हा मी पडले काय नि न पडले काय. सूज उतरली का? मीठ कमी केलंस की माझं बोलणं नेहमीसारखं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलंस?

फोन न करता पत्र लिहिते म्हणून रागावू नकोस. दादा फोन स्पीकरवर टाकतो आणि सगळं घर ऐकत बसतं. बाबांना तर प्रत्येक वाक्यानंतर "काय म्हणाली?" हवंच असतं.

मी मजेत आहे. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास मानगुटीवर बसलाय. माझी खोलीतली मैत्रीण, ती उंच, खाटेबाहेर पाय काढून झोपणारी, दिवसभर मोठमोठ्याने पाठ करते. तिचं ऐकून ऐकून माझंही पाठ होतं, तेवढाच फायदा. स्वतःच्या हातांनी चाळीस बाळंतपणं केल्याशिवाय पदवी मिळत नाही. माझी एकतीस झाली. सध्या मला प्रसूतिकक्षातून काढून कपड्यांच्या खोलीत बसवलंय. चादरी मोजायच्या, फाटक्या वेगळ्या करायच्या. हसू नकोस. इथे सगळ्यांनाच आळीपाळीने असं काहीबाही करावं लागतं.

मुद्दा असा, की तुझ्या बाळंतपणाच्या तारखेला मला यायला जमेलसं दिसत नाही. परीक्षा जवळ आली आहे. तुमच्या तिथल्या हॉस्पिटलातल्या सिस्टर चांगल्या आहेत असं तूच म्हणाली होतीस. मी येऊन नुसती लुडबुड करणार, उगाच का तू मला भुंगा म्हणतेस. "मला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही," असं तू दादाजवळ म्हणालीस म्हणे. वहिनी, असं बोलू नये. मी काय कुणी मोठी लागून गेले?

बाकी ठीक. डाव्या कुशीवर झोपत जा.

तुझा,
भुंगा

१७ मार्च, मंगळवार

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी लिहिल्यास, पण पुरेशा झोंबल्या. "मला खोटं बोलायला कधीपासून शिकलीस?" हे वाचून मी पत्र तिथेच गादीखाली सरकवलं आणि जिन्यात जाऊन बसले.

बरं, ऐक. तुझ्या अशा दिवसांत तुला हे सांगायचं नव्हतं. पाचव्या महिन्यात तुझं पहिलं गेलं तेव्हा तू किती दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतीस, ते मी पाहिलंय.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक बाई होती. शिवणकाम करते. पहिलंच मूल. येताना बाळाची शिवलेली सहा झबली घेऊन आली होती, प्रत्येकाच्या गुंड्या वेगळ्या. मला म्हणाली, "तुझ्या ड्रेसची शिलाई खांद्यावर उसवलीय, बाळंतपण झालं की घालून देते." कळा सोसत असताना! बाळ जन्माला आलं ते गेलेलंच.

त्यात माझी काही चूक नाही. तसं कागदावर आहे. सगळी नोंद नीट आहे, ठोके नीट, वेळा नीट. चौकशीची समिती बसली आहे आणि संशय आहे तो आमच्या मोठ्या सिस्टरांवर. शेवटची काही मिनिटं बाळंतपण त्यांच्या हातात होतं. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत. त्यांनाही सध्या घरी बसवलंय.

म्हणून मी चादरी मोजते आहे. म्हणून येत नाही. झालं तुझं समाधान?

माफ कर. तुझ्यावर चिडण्यासारखं तू काहीच केलेलं नाहीस. झोप लागत नाही गं. डोळा लागला की त्या झबल्यांच्या गुंड्या दिसतात.

भुंगा

२३ मार्च, सोमवार

वहिनी,

हे पत्र एकटीने वाच. नको, एकटीने नको. दादाला शेजारी बसव, पण वाच तूच.

मागच्या पत्रातही मी खरं लिहिलं नाही. कागदावर सगळं नीट आहे, कारण कागद मी लिहिला आहे.

प्रत्येक बाळंतपणाचा एक तक्ता असतो. थोड्या थोड्या वेळाने बाळाचे ठोके ऐकून त्यात लिहायचे, आणि त्याच वेळी आईची नाडी मोजून शेजारच्या रकान्यात लिहायची. दोन्ही एकदम, कारण पोटावर यंत्र ठेवलं तरी त्याला काही कळत नसतं कुणाचे ठोके आहेत ते. कळा देऊन देऊन आईचीच नाडी इतकी पळायला लागते की ऐकणारीला वाटतं हे बाळच. म्हणून एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हाताची बोटं आईच्या मनगटावर. कानातला ठोका आणि बोटाखालचा ठोका एकदम पडायला लागला, की समजायचं हे बाळ नव्हे, ताबडतोब हाक मारायची. पहिल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे. येड्यालाही येईल.

पण मोठ्या सिस्टर रिकामा रकाना खपवून घेत नाहीत. एक चौकोन जरी कोरा राहिला तरी ती केस चाळीसात धरत नाहीत. गेल्या वर्षी माझी अशीच एक रद्द झाली होती आणि मी दोन दिवस रडले होते. तेव्हापासून घाई असली की मी नाडी अंदाजाने लिहिते. आम्ही सगळ्याच लिहितो. बाईच्या तोंडाकडे बघायचं आणि अठ्ठ्याऐंशी लिहून मोकळं व्हायचं. पोरी त्याला "पाठ नाडी" म्हणतात. आम्ही त्यावर हसायचो, वहिनी.

त्या दिवशी दुपारचे तीन वाजले असतील. शेजारच्या खाटेवरच्या बाईला रक्तस्राव सुरू झाला होता आणि मोठ्या सिस्टर तिच्याजवळ होत्या. माझ्या बाईने माझा डावा हात तिच्या दोन्ही हातांत गच्च धरला होता. मनगट माझ्या बोटांपासून वीतभरही लांब नव्हतं. हात सोडवून घ्यायचा आणि दोन बोटं तिथे टेकवायची, एवढंच काम. मला वाटलं, तिला आधार वाटतोय, वाटू दे. खरं सांगू? मलाही बरं वाटत होतं, कुणीतरी माझा हात असा धरलाय म्हणून. आणि यंत्रात ठोके छान येत होते. एकशे बत्तीस. मग एकशे छत्तीस. नाडीच्या रकान्यात मी दोन्ही वेळा अठ्ठ्याऐंशी लिहिलं.

ते ठोके तिचेच होते. बाळाचे कधी थांबले ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, वीस मिनिटं आधी कळलं असतं तर बहुतेक वाचलं असतं. बहुतेक. हा शब्द मी चादरी मोजताना म्हणते, जेवताना म्हणते, तोंड धुताना म्हणते.

मोठ्या सिस्टर हात धुऊन आल्या, तक्ता बघितला आणि मला विचारलं, "नाडी धरली होतीस ना?"

मी म्हटलं, "हो."

विचारही केला नाही गं. रस्त्यात कुणी "बरी आहेस ना?" विचारल्यावर म्हणावं तसं म्हटलं. त्यांनी खाली सही केली, त्या बाईच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाळ छान आहे हं, आता लाव जोर."

पुढचं लिहीत नाही. मी टॉवेल धरून उभी होते आणि ती बाई पुन्हा पुन्हा विचारत होती, "रडत का नाही ते?"

महिना झाला, मी तोंड शिवून बसले आहे. समितीने मोठ्या सिस्टरांना विचारलं, की विद्यार्थिनीच्या नोंदींवर किती भरवसा ठेवायचा. त्या म्हणाल्या, "माझ्या मुली रकान्यात खोटं लिहीत नाहीत." हे मला माझ्या मैत्रिणीने येऊन सांगितलं, आणि वर म्हणाली, "सुटलीस बघ तू." तीसुद्धा पाठ नाडी लिहिते. मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही.

काल सकाळी मी सगळं कागदावर लिहून मोठ्या सिस्टरांच्या घरी गेले. त्यांनी दारातच उभ्या उभ्या वाचलं. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी त्या बाईला सांगितलं होतं, बाळ छान आहे."

मी पाय धरायला वाकले तर त्या मागे सरल्या. म्हणाल्या, "उद्या समितीपुढे हे तू स्वतः वाचायचंस. मी तुझ्यासाठी वाचणार नाही." आणि कागद माझ्या हातात परत देऊन दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच लावलं.

उद्या म्हणजे आज. अकरा वाजता. आता साडेनऊ झालेत. ती बाईही येणार आहे, तिचा नवराही. मला तिच्यासमोर वाचायचं आहे की मी तिच्या बाळाचे म्हणून तिचेच ठोके मोजत बसले होते. बॅग भरलेली आहे आणि मघाशी मी तिच्यासकट फाटकापर्यंत जाऊन आले. बस उभी होती. चढले असते तर दुपारपर्यंत तुझ्याजवळ असते, तू काहीही न विचारता मला जवळ घेतलं असतंस, आणि पुढल्या महिन्यात माझ्याच हातात तुझं मूल दिलं असतंस. त्या विचारानेच माझे पाय मागे वळले.

माझी पदवी गेली असं समज. बाबांशी भांडून तू मला इथे पाठवलंस. माझ्या वाटचं घरातलं काम चार वर्षं तू ओढलंस, अवघडलेली असतानासुद्धा. तुला दाखवायला माझ्याकडे काहीही नाही. बाबांना तू सांगू नकोस, मी आल्यावर मीच सांगेन. रागाने ते काय बोलायचं ते मला बोलू देत, तुला नको.

तुझ्या बाळंतपणाला मी येणार नाही. मला बोलावू नकोस. पण एक माझं ऐक, एवढ्या एकाच बाबतीत या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देऊ नकोस. बाळाचे ठोके ऐकायला जी कुणी येईल, तिला म्हण, "आधी माझी नाडी धरा." ती कितीही मोठी असो, कितीही घाईत असो, लाज सोडून म्हण. आणि कितीही कळ आली, जीव गेल्यासारखं झालं, तरी तिचा हात धरू नकोस. दादाचा धर, खाटेची कड धर. तिचा हात मोकळा राहू दे.

निघते. चालत गेलं की अर्धा तास लागतो, आणि मला चालत जायचं आहे.

तुझी नणंद,
तुझ्याजवळ नसलेली