पुशओव्हरचं मूळ

४ नोव्हेंबर
श्रिया फोनवर मैत्रिणीला म्हणाली, आमची मम्मी टोटल पुशओव्हर आहे. मी तेव्हा द्वारकाआत्यांचा डबा भरत होते. नरसिंहपूरच्या माझ्या आत्तेसासूबाई. त्यांचा मुलगा माऊली इथं बारामतीत ॲडमिट आहे. इंदापूरकडचं कुणीही ॲडमिट झालं की डबा आमच्याकडून.
पोरीनं कौतुकच केलं असणार.

५ नोव्हेंबर
कॉलेजची लायब्ररी मीच सांभाळते. जाडा कोश काढला. अमेरिकन बोलीतला शब्द. आधी अर्थ सोपं काम. मग सहज हरणारा प्रतिस्पर्धी. मग कुणालाही नाही न म्हणणारा माणूस.
म्हणजे मध्ये कुठंतरी कुस्ती आहे. एवढा वाईट नाही.
तरी यापुढे 'नाही' म्हणायचं. माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन उन्हाळ्यापासून राहिलंय. येत्या सोमवारी नक्की.

६ नोव्हेंबर
आरशासमोर सराव. उत्तम.
संध्याकाळी आत्यांचा फोन. हितलं जेवान माऊलीला जात न्हाय, उंद्या बाजरीची भाकरी धाड, मलाबी. मी ठाम आवाजात सांगितलं, बाजरीची मिळणार नाही. ज्वारीचीच मिळेल.
सुरुवात म्हणून चांगलं.

८ नोव्हेंबर
माऊलीला डिस्चार्ज. सुटले.
दुपारी पुन्हा आत्या. शेजारच्या खाटेवरच्या कुशाबाईला कुणी न्हाय, म्या सांगितलंय, आमची सून हाय हितं. मी म्हटलं, फक्त रविवारपर्यंत. तर म्हणे, मग सोमवारी बिचारी उपाशी ऱ्हाईल व्हय?
ऑपरेशन गुरुवारवर ढकललं. डॉक्टर म्हणाले, खडे कुठं पळत नाहीत, पळताय तुम्ही. मी हसले. हसताना दुखलं.

१२ नोव्हेंबर
लायब्ररीतच कळ आली. ॲडमिट. आजच ऑपरेशन. कुशाबाईंचा डबा राहिला.

१४ नोव्हेंबर
श्रियाने खिचडी आणली. आयुष्यात पहिल्यांदा केलेली. खाली लागलेली. सगळी खाल्ली.
तेवढ्यात द्वारकाआत्या भेटायला आल्या, सोबत गावाकडच्या दोघी. एसटीनं. खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, लई वाळलीस गं. मग श्रियाकडे वळून, आमी सकाळधरनं उपाशीच निघालो बघ.
मी डोळे मिटून घेतले. नव्या पिढीची पोरगी. आता बरोबर तोंडावर 'नाही' म्हणेल.
श्रियाने खिचडीचं रिकामं भांडं उचललं. मग विचारलं, आजी, नुसता भात चालेल का पोळ्याही करू?
कोशात मूळ अमेरिकन दिलंय. दुरुस्त करायला हवं. टाके निघाले की सोमवारपासून बघते.