नानांची तिरकी नजर

नाना, परवा सकाळी माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि तुमची लेक घाबरली आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही. इथे सगळ्यांना वाटतं, जिनं साठ-साठ पोरं नुसत्या डोळ्यांच्या धाकावर गप्प बसवली ती बाई मोतीबिंदूला काय भिणार. मोतीबिंदूला मी भीत नाहीच. इथल्या, जळगावच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मोती निघेल, आत भिंगही बसवू. पण मागचा पडदा मधोमध झिजलाय. त्याचं काही सांगता येत नाही." नाना, हे मी पूर्वी ऐकलं होतं. धुळ्याच्या दवाखान्यात, तुमच्याबद्दल. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. मी बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, सगळं लख्ख दिसेल." खरं सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्याच एसटीनं घर गाठलं असतं.

ऑपरेशननंतर दिसलं तर ते किती वर्षं टिकतं, असं मी डॉक्टरांना विचारलं. माणसागणिक वेगळं, म्हणाले. मला ठाऊक असलेला माणूस एकच, म्हणून दोन दिवस तुमची वर्षं आठवत बसले आहे. पट्टी सुटली त्या दिवशी तुम्ही माझ्या पदराला हात लावलात. "हिरवी शे ना तुनी साडी? बठ्ठं दिसस माय, बठ्ठं." सगळं दिसतं, सगळं, असं म्हणत त्या जाड भिंगांच्या चष्म्यातून तुम्ही आठवडाभर दोरीवरच्या कपड्यांचे रंग ओळखत होतात आणि मी माझ्याच खोटेपणावर खूश होते. मग तुम्ही जिनिंग मिलमध्ये परत गेलात. कापसाची प्रत ठरवणं हे तुमचं काम: चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, तंतू काळ्या कापडावर ठेवायचे आणि लांबी सांगायची. आता ते कापड तुम्ही नाकासमोर न धरता कानाजवळ नेऊ लागलात. हमाल चिडवायचे, "नाना, कापूस काय बोलस का?" तुम्हीही हसायचात. वर्तमानपत्र दुसऱ्या वर्षी सुटलं. चौथ्या वर्षी काळं कापड सुटलं, नुसती बोटं राहिली. पण उंबऱ्याला तुम्ही शेवटपर्यंत अडखळला नाहीत, आणि बाजूनं येणारी सायकल माझ्याआधी तुम्हाला दिसायची. एवढ्यावर मी धीर धरते.

तिसऱ्या वर्षी चाळीसगावहून माझ्या मुलीला पाहायला माणसं आली होती. मुलाचे वडील तुमच्याशी बोलत होते आणि तुम्ही त्यांच्या खांद्यापलीकडे भिंतीकडे पाहत होतात. ते म्हणाले, "नानांना पाव्हणे पसंत नाहीत वाटतं, आमचं तोंड बी पाहत नाहीत." सोयरीक मोडते की काय, या भीतीनं मी तुम्हाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दबक्या आवाजात झापलं, "नाना, माणसाशी बोलताना तोंडाकडे बघावं, हे मी पहिलीच्या पोरांना शिकवते. तुम्हाला या वयात शिकवू?" तुम्ही "बरं माय" म्हणालात. बाहेर जाऊन त्या गृहस्थांच्या तोंडावर नजर लावून बसलात. सोयरीक जमली. त्यानंतर तुम्ही सगळ्यांकडे तसंच सरळ पाहायला लागलात, माझ्याकडेही.

आता माझी पाळी आहे. समोरच्याचे कान दिसतात, केस दिसतात, मधल्या तोंडाच्या जागी राखाडी डाग. मुलगी माहेरी आली आहे. तिच्याकडे सरळ पाहिलं की ती नाहीशी होते, कडेनं पाहिलं की परत येते. काल ती म्हणाली, "आई, कुठे बघतेयस?" परवानंतर उजेड वाढेल, रंग येतील, हे मला तुमच्यामुळे माहीत आहे. पण त्या उजेडात हा डाग पसरत गेला तर? तिचं तोंड मला किती वर्षं पुरेल?

हे पत्र वहीतच राहणार. तरी एक सांगते. तुमच्या शेवटच्या वर्षी मी तापानं पडले होते. दुपारी तुम्ही खाटेजवळ येऊन बसलात. मी पापण्यांच्या फटीतून पाहत होते, पण झोपले आहे असं समजून तुम्ही मान खिडकीकडे वळवलीत आणि डोळ्याच्या कडेनं माझ्याकडे पाहत राहिलात, बराच वेळ. मी डोळे उघडल्याबरोबर तुम्ही चोरी पकडल्यासारखी मान सरळ केलीत. मला तेव्हाच कळलं, नाना. इतकी वर्षं तुम्ही माझं तोंड नीट पाहिलं नव्हतं, मीच बजावलं होतं म्हणून. "पाहा ना, तसंच पाहा," एवढंच म्हणायचं होतं. मी पाणी मागितलं.