चौथ्या खुराचा खुलासा

आदरणीय भाऊजी,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. नव्या खोलीत वारा येतो, खानावळ जवळ आहे आणि गुडघा आता जिना चढू देतो, हे वाचून बरं वाटलं. इकडे ताई बरी आहे. घोडीही बरी आहे. मी उजवीकडे वळताना ओरडतो, पण घरातल्यांना त्याची सवय होते आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत. घोडी विकत घ्यायला आलेले गृहस्थ खूर बघून परत फिरले, आणि मी नेमकं काय केलं. दुसरी ओळ तुम्ही पेन दाबून लिहिली आहे, मागच्या बाजूने बोटाला लागते. तेव्हा सगळं क्रमाने सांगतो. मूळ चूक कोणाची हे ठरवण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. मूळ चूक तुमची आहे.

घोड्यांच्या प्रदर्शनाआधी तुम्ही घोडीच्या तयारीची सव्वा पान यादी पाठवली होती. तीत आयाळीवर सात ओळी होत्या. कानांतल्या केसांवर तीन. खुरांवर एक: 'खूर काळे कुळकुळीत दिसले पाहिजेत, घोडं घेणारा आधी खूर बघतो.' आता, ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं लाकडाला पॉलिश करण्यात घालवली त्याला असं वाक्य लिहून पाठवलं तर तो काय करील? मी खुर्च्यांचे पाय करतो. चारांतला एक पाय फिका असला, तर त्याचं जुनं पॉलिश उडालं आहे असं समजून तो बाकीच्या तिघांशी जुळवून घेतो. गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. घोडीचा मागचा उजवा पाय मी उचलला, खूर फिका दिसला, वर केसांची बोटभर कडही पांढरी दिसली. मला वाटलं, हयगय. (तुमचीच वाटली. क्षमा असावी.) हा खूर जन्मापासून पांढरा आहे आणि तो पांढराच ठेवायचा असतो, हे सव्वा पानात कुठेही नव्हतं. पाऊण पान कोरं होतं.

तुमच्या कपाटात खुरांना लावायच्या काळ्या तेलाचा डबा होता. तो उघडण्यात एक स्क्रू-ड्रायव्हर वाकला. आत तेल वाळून दगड झालं होतं आणि त्यात ब्रश उभा होता. (अजून उभा आहे. मी डबा तसाच ठेवला आहे, तुम्ही आल्यावर बघा.) म्हणून मी माझं सामान आणलं. लाख, स्पिरिट, काळा रंग, कापसाचे बोळे, पॉलिश पेपर. आधी खूर धुतले, खालची घाण आकडीने काढली, फडक्याने कोरडे केले. एका ओळीत लिहून झालं, पण याला सकाळचे तीन तास लागले. कारण घोडी पाय देते, पण पायाबरोबर बाकीची घोडीही देते. तुम्ही पाय मांडीवर घेता, ती क्षणभर विचार करते आणि मग आपलं सगळं वजन विश्वासाने तुमच्यावर सोपवते. खुर्ची असं करत नाही. खुर्ची माशी बसली म्हणून पाय झाडतही नाही. मी तिला दोनदा समजावून सांगितलं, एकदा शिवी दिली, शेवटी विनंती केली. विनंती केल्यावर तिने माझ्या शर्टाची कॉलर खाल्ली.

पण काम झालं, भाऊजी. तीन हात दिले. प्रत्येक हात वाळू दिला, मधे बारीक पेपर मारला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी मागे सरून पाहिलं तर चारही खूर एकसारखे, एकाच झाडाचे. त्यांत मला अंगणाची भिंत दिसत होती. ताई ओट्सची बादली घेऊन आली, थांबली. बराच वेळ बघत राहिली.

"चारही केलेस?"

"चारही."

"बरं," म्हणाली आणि बादली ठेवून आत गेली. अकरा महिने ताई रोज सकाळी ते खूर धुते आहे. घोडी घेतलीत तुम्ही, बदली झाली तुमची, आणि पहाटे उठणं आलं तिच्याकडे. त्यातला एक पांढरा आहे हे तिला माहीत नसेल असं कोणी म्हणणार नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली की तू इतका खुशीत होतास, कशाला बोलायचं. अशी आमची ताई. घोडी विकायची ठरवली असं तुम्ही तिला लिहिलंत तेव्हाही तिने पत्र वाचलं, घडी घातली, खराऱ्याच्या ब्रशाखाली ठेवलं आणि घोडीची शेपटी विंचरत राहिली. ती गप्प बसली की तुम्ही होकार समजता. आम्ही भावंडं लहानपणापासून तसं समजत नाही, पण तुमच्या घरच्या गोष्टीत मी बोलणारा कोण.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही साडेआठला मैदानावर पोचलो. फाटकाशी टेबल, टेबलामागे कारकून, कारकुनापुढे घोडीची ओळखपुस्तिका. त्या पुस्तिकेत घोड्याचं चित्र असतं आणि त्यावर जिथे जिथे पांढरं तिथे तिथे खूण असते, हे मला तिथे कळलं. कारकुनाने कपाळ तपासलं, पुढचे पाय तपासले, वाकून मागचे तपासले. मग चष्मा काढून पुसला. पुन्हा वाकला.

"ही घोडी ती नाही."

"मग कोणती आहे?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. पुस्तिकेतल्या घोडीचा मागचा उजवा खूर पांढरा आहे."

मी म्हणालो की तो आत पांढराच आहे. तो म्हणाला की सगळे आतून पांढरेच असतात, त्याला बाहेरून बघायचा पगार मिळतो. ताईच्या वर्गाला, म्हणजे घोडी हाताने धरून रिंगणात फिरवून दाखवायच्या वर्गाला, साडेदहाला सुरुवात होती. तोवर खूर पांढरा दिसला नाही तर नाव कट. ताईने घोडीच्या मानेवर हात ठेवला. ताईला मी आयुष्यात कधी कुठल्या स्पर्धेत उतरलेलं पाहिलेलं नाही. शाळेतसुद्धा ती बाकीच्यांच्या चपला सांभाळायची.

मी स्पिरिट आणि फडकं घेऊन बसणार तेवढ्यात मैदानावरचा नालबंद धावत आला. घोड्यांना नाल ठोकणारा हा माणूस माझ्याच वयाचा, पण हात माझ्या दुप्पट. त्याने खुरावर नख फिरवलं आणि विचारलं, हे कोणी केलं. आवाजात मला आधी कौतुक ऐकू आलं. तसं ते नव्हतं.

"अहो कपाटवाले," तो म्हणाला, "हे जिवंत आहे. याला ओल लागते. तुम्ही त्याला शोकेसमध्ये ठेवलंत."

मग त्याने नियम घालून दिले. कानशीने घासायचं नाही, स्पिरिटने खूर सुकतो म्हणून ते थेंबाथेंबाने घ्यायचं, आणि दर थोड्या वेळाने पाण्याचं फडकं. आता माझी पंचाईत बघा. माझं पॉलिश पाच वर्षं हलणार नाही अशी मी गिऱ्हाइकाला तोंडी हमी देतो. अठ्ठावीस वर्षांत एकही तक्रार नाही. त्या हमीविरुद्ध मी स्वतः गुडघ्यांवर बसून, थेंबाथेंबाने, माझ्याच तीन हातांशी भांडत होतो आणि वर नालबंद "हळू, कपाटवाले, हळू" म्हणत होता. वरचा हात गेला. दुसरा गेला. तिसरा दाद देईना. (मनातून मला थोडा अभिमान वाटला, तो मी दाखवला नाही.) घोडीने याही वेळी सगळं वजन माझ्यावर दिलं. माझ्या उजव्या बाजूचं जे काही झालं ते तिथेच.

शेवटी खुराच्या मधोमध रुपयाएवढा पांढरा डाग निघाला. भोवती सगळं काळं. कारकून पुस्तिका घेऊन आला, डागात डोकावला आणि शिक्का मारला. पांढरा आहे एवढंच त्याला हवं होतं. किती आहे, असा त्याच्या कागदावर प्रश्न नव्हता. वेळ संपली होती, त्यामुळे खूर तसाच राहिला.

रिंगणात सात घोडे होते. ताईने तुमचा जुना कोट घातला होता, बाह्या आत दुमडून. चालवून झाल्यावर परीक्षकांसमोर घोडी थांबवायची असते. बाकीच्यांचे घोडे एक पाय पुढे, एक मागे, असे बस थांब्यावरच्या माणसांसारखे उभे राहिले. ताईने दोरी जराशी उचलली, जीभ टाळ्याला लावून आवाज केला, आणि घोडीने चारही पाय चौकोनात ठेवले. टेबलासारखे. मला टेबलं कळतात म्हणून सांगतो. असं एका दिवसात होत नाही. अकरा महिने ती अंगणात हे शिकवत होती आणि आपल्याला वाटत होतं ती घोडीला फिरवून आणते. परीक्षक मागे आले, त्या खुराशी थांबले, एकमेकांकडे बघितलं. पाचवा नंबर मिळाला. कागदावर 'चाल उत्तम, उभं राहणं उत्तम, खूर' असं लिहून पुढे नुसती रेघ मारली आहे.

मग तुम्ही पाठवलेले गृहस्थ आले. उंच बूट, हातात टोपी. त्यांना घोडी आवडली होती, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. दात पाहिले, पाठ पाहिली, मग वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"हा डाग कधीपासून आहे?"

"सकाळी नव्हता," ताई म्हणाली.

ताई खोटं बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हाही ती खोटं बोलली नाही. त्यांनी मला विचारलं, तर मीही म्हणालो की घरून निघालो तेव्हा खूर अगदी काळा होता. नालबंदाला विचारलं, तर तो म्हणाला की मी असं याआधी कधी पाहिलेलं नाही. गृहस्थांनी टोपी घातली. तिघांनीही खरं सांगितलं आणि माणूस परत गेला, याला मी काय करू? दुसऱ्या दिवशी नालबंदाने घरी येऊन उरलेलं सगळं काढलं. खूर शाबूत आहे. पांढरा आहे. मला घोड्यापासून लांब राहायला त्याने सांगितलं आणि तो सल्ला मी आनंदाने मानणार आहे. यापुढे लाकूड सोडून कशालाही हात लावायचा नाही, असं मी ठरवलं आहे.

जेवणाची आबाळ करू नका. गुडघा शेकत जा.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा मेहुणा

ता. क. तुमच्या तिथल्या बाजारात खुरांना लावायचं खरं तेल मिळत असेल तर सहा डबे पाठवा. चार काळे, दोन बिनरंगी. प्रदर्शनातल्या तिघांनी माझा पत्ता नेला आहे. चमक त्यांना आवडली.

ता. क. २. पत्र ताईला वाचून दाखवलं. 'वेळ संपली होती' हे वाक्य खोडायला सांगते आहे. पाऊण तास शिल्लक होता. स्पिरिटही अर्धी बाटली होतं, आणि तिसरा हात सुटायला लागला होता. तेवढ्यात फाटकातून तुमचे बूटवाले गृहस्थ आत येताना दिसले. ताईने माझ्या हातातून बाटली घेतली, झाकण लावलं आणि म्हणाली, "पुरे. छान दिसतोय."

ता. क. ३. दुसरं गिऱ्हाईक पाठवणार असाल तर दोन दिवस आधी कळवा. तीन हात वाळायला तेवढे लागतात.