उन्हात न दिसणारी ज्योत

४ मार्च
माफ कर, वही. इतके महिने उघडलं नाही तुला — लिहायला बसलं की खरं लिहावं लागतं, म्हणून!

आज गळतीचा भोंगा पुन्हा वाजला. तो वाजला की प्लांट आपोआप बंद. वर रखरखीत ऊन, पॅनेलांची वीज वाया, पाणी फोडून हायड्रोजन करणारी यंत्रं गप्प — आणि फाटकाशी बसगाड्या रिकाम्या टाक्या घेऊन उभ्या. गळती सापडलीच नाही. साहेब म्हणाले, "सेन्सर हळवा झालाय, मॅडम. तुमच्यासारखाच." मग, न हसता — "शनिवारी पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांसमोर गाड्या अडल्या, तर प्रकल्पाला टाळं. खा मग डिझेलचा धूर."

आठ वर्षं घातलीत मी यात.

५ मार्च
नियम माझाच: भोंगा वाजला की पाइपांकडे जाताना केरसुणी पुढे धरायची. हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही. केरसुणी पेटली की कळतं. धाकटा — माझा भाऊ, इथलाच ऑपरेटर — म्हणतो, "ताई, न दिसता भाजते! हीच पुरे, मग लग्न कशाला करायचं?"

६ मार्च
भोंग्याची तार काढली. फक्त उद्यापुरती. धाकट्याला बोलले नाही — त्याने काढू दिली नसती.

संध्याकाळी त्याने विचारलं, "आज भोंगा गप्प कसा गं?"

"दुरुस्त झालाय."

"तू म्हणालीस म्हणजे झालं."

उद्या एकदाचा दिवस पार पडला की जोडेन. हे खोटं नाही, उशीर आहे फक्त — असं कितीदा घोकू?

७ मार्च
गाड्या भरल्या, निघाल्या. टाळ्या झाल्या. त्या विरायच्या आत किंकाळी.

झडप बंद करायला धाकटा रिकाम्या हातांनी गेला होता. भोंगा वाजलाच नव्हता, केरसुणी कशाला घेईल? ज्योत कुणालाच दिसली नाही. त्याची बाही जळताना तेवढी दिसली. दोन्ही हात. छाती.

मी. मी केलं हे!

८ मार्च
डॉक्टर नजरेला नजर देत नाहीत. जगू दे, जगू दे — कुणाला म्हणतेय, मलाच ठाऊक नाही.

१० मार्च
शुद्धीवर आला. मी तोंड उघडणार तोच म्हणाला, "साहेब येऊन गेले. भोंग्याची तार निघालेली सापडली म्हणे. सांगून टाकलं — मी काढली. तू गप्प राहा, ताई. प्लांट चालव."

उद्या अपघाताची चौकशी: साहेबांच्या आधी पोहोचायचं, खरं सांगायला.