अडकलेले एक्केचाळीस

३ मार्च, मंगळवार

दुसऱ्या मजल्यावरच्या सर्जनबाई आज स्वतः खाली आल्या. स्वतः! एरवी सर्व्हरच्या खोलीत कुणी डॉक्टर फिरकत नाही, थंडी वाजते म्हणतात. "माझ्या एका पेशंटचा गाठीचा अहवाल आलाच नाही. लॅबवाले म्हणतात, चौदा जानेवारीला पाठवला." मी म्हटलं, तुमच्याच मेलमध्ये नीट शोधा. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्या माणसाला सांगावं, तसं म्हटलं. मला ते फार छान जमतं.

त्या चिडल्या नाहीत. दाराशी थांबून म्हणाल्या, "बाई बस चालवते. दोन महिने ती खुशीत आहे. काल परत दुखतं म्हणून आली."

सर्व्हर पाहिला. सगळे दिवे हिरवे. नोंद करून टाकली – दोष आढळला नाही.

४ मार्च, बुधवार

दोष आढळला.

लॅबचे अहवाल आधी एका सामायिक मेलबॉक्समध्ये येतात. तिथून सर्व्हर ते आपोआप ज्या त्या डॉक्टरकडे पुढे पाठवतो. बारा वर्षं हे असंच चाललंय. मी एकपानी कागद पाठवून पाहिला – चार सेकंदांत पोचला. दहा वेळा पाठवला, दहाही वेळा पोचला. मग सामायिक मेलबॉक्समध्ये त्या बसवाल्या बाईंचा खरा अहवाल शोधला. होता! चौदा जानेवारी, सकाळी दहा चाळीस. तोच पुढे पाठवला. गेला. पोचला मात्र नाही. परतही आला नाही, चूक झाल्याची सूचनाही नाही. गिळून ढेकरसुद्धा दिला नाही सर्व्हरने.

जेवण राहिलं. आईने घरी गेल्या गेल्या विचारलं, "तोंड का असं? कुणी काही बोललं?" म्हटलं, नाही, मीच बोलले काल कुणाला तरी.

५ मार्च, गुरुवार

सापडलं. न सापडतं तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं. ते इथे लिहून ठेवते.

पाच एमबीपेक्षा जड कागद पुढे पाठवायचा नाही, बाजूला अडवून ठेवायचा, असा एक नियम सर्व्हरवर आहे. अडवलेल्यांचा ढीग उघडला. दोनशे बारा कागद. बहुतेक पुरवठादारांची माहितीपत्रकं, कुणाच्या लग्नाचे फोटो. त्यात लॅबचे अहवाल एक्केचाळीस.

मोठ्या सिस्टरना बोलावलं. त्यांनी पाच-सहा उघडून वाचले आणि खुर्ची ओढून बसल्या. मी म्हटलं, नशीब, शेकड्यांतले एक्केचाळीसच अडकले. त्या म्हणाल्या, "अगं, चांगला अहवाल एका पानाचा असतो. काही निघालं तरच ते गाठीच्या तुकड्याचे सूक्ष्मदर्शकातले फोटो जोडतात. म्हणून जड."

म्हणजे चांगले सगळे गेले. वाईट तेवढे अडकले.

आणि वर आमच्याकडची पद्धत! टाके काढताना प्रत्येकाला सांगतात – फोन आला नाही तर समजा, सगळं ठीक. एक्केचाळीस माणसांनी तसंच समजलं. त्यांचं काय चुकलं?

अडवलेले सोडले, तर ते डॉक्टरांच्या मेलमध्ये जानेवारीच्या तारखेखाली जाऊन बसले. खाली, हजार मेलच्या तळाला. कोण बघणार? सगळे छापले आणि हाताने मजल्यामजल्यावर नेऊन दिले. एक्केचाळीस अहवाल. प्रिंटरची शाई दोनदा बदलली.

६ मार्च, शुक्रवार

नियम माझाच आहे.

काल लिहायला धीर झाला नाही. नऊ डिसेंबर. डॉक्टर कुरकुरत होते, मेलबॉक्स भरून वाहतात म्हणून. आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, "जड कागद अडव गं, मग बघू." मी अडवले. दहा मिनिटांचं काम. मग बघायचं कुणी, ते साहेबांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काम केलं ते काकांच्या लॉगिनने. काका म्हणजे आमचे जुने सर्व्हरवाले, डिसेंबरअखेर निवृत्त झाले. मला हे काम त्यांनीच शिकवलं, ओरडून ओरडून. विभागात सगळे त्यांच्याच लॉगिनने काम करतात, पासवर्ड मॉनिटरखाली चिकटवलेला आहे. त्यामुळे नोंदवहीत नियम करणारा म्हणून नाव त्यांचं. आणि कागद अडला की नोटीसही त्यांच्याच मेलवर जायची. ते असेपर्यंत रोज सकाळी चहाच्या आधी नोटिसा बघून कामाचे कागद पुढे सोडायचे. एका शब्दाने बोलले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांचा मेलबॉक्स बंद केला. नोटिसा बंद मेलबॉक्सवर जात राहिल्या. नऊ आठवडे.

आता खरं ते लिहिते. शेवटच्या दिवशी, निरोपाचा केक कापून झाल्यावर, काका कागदी बशी हातात धरून माझ्या टेबलाशी आले होते. "माझा मेलबॉक्स बंद करशील तेव्हा नोटिसा तुझ्याकडे वळवून घे. रोज बघत जा. त्यात अहवाल असतात, पोरी." मी हो हो म्हटलं. तोंडात केक होता. दुसऱ्या दिवशी विसरले.

तिसरं कुणी तिथे नव्हतं.

७ मार्च, शनिवार

नियम काढला. वीस एमबीचा कागद पाठवून पाहिला. पोचला. आता काय उपयोग!

९ मार्च, सोमवार

साहेबांच्या खोलीत बैठक. मोठ्या सिस्टर, सर्जनबाई, मी. साहेबांनी नोंदवहीचं पान पुढे सरकवलं, काकांच्या नावाखाली लाल रेघ मारलेलं. "आपला म्हातारा शेवटी शेवटी विसरायला लागलाच होता. लेखी ताकीद पाठवू आणि फाईल बंद करू. सुंठीवाचून खोकला गेला." नियम करायला सांगितला कुणी, हे साहेबांना पक्कं ठाऊक आहे. माझ्याकडे त्यांनी बैठकभर एकदाही पाहिलं नाही.

सिस्टरनी विचारलं, "तुला काही माहीत आहे का गं?"

मी म्हटलं, नोंदवहीत आहे तेच. मूग गिळून बसणं म्हणतात ते हे नव्हे. मी बोलले. खोटं बोलले.

१० मार्च, मंगळवार

सिस्टर सकाळपासून यादी घेऊन फोन करताहेत. मला शेजारी बसवून घेतलं, नंबर शोधून द्यायला. प्रत्येकाला तेच – "घाबरू नका, पण उद्याच या." एक गृहस्थ हसले. "अहो, आम्ही तर पेढे वाटले!" मग विचारलं, किती वाजता येऊ.

दोन घरी फोन भलत्यानेच उचलला. पेशंट गेला होता. एक फेब्रुवारीत, एक गेल्या आठवड्यात. सिस्टरनी यादीत त्या दोन नावांपुढे बारीक टिंब केलं. रेघ मारली नाही.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. काकांसकट. तिने भाजी चिरणं थांबवलं. "त्या माणसाने तुला हाताला धरून शिकवलंय. उद्याच्या उद्या जाऊन सांग." म्हटलं, नोकरी जाईल. "जाऊ दे. काही खाऊच ना आपण दोघी." तिचं पेन्शन किती आहे, ते मला माहीत आहे. तिलाही आहे.

१२ मार्च, गुरुवार

बसवाल्या बाई आज खाली आल्या. खाकी शर्ट, हातात डब्याची पिशवी, कामावरून सरळ. "तुम्हीच शोधून काढलंत ना? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं." मला नमस्कार केला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी बाई! मी खुर्ची दिली. म्हणाल्या, "एक विचारू? जानेवारीत कळलं असतं तर काही फरक पडला असता का हो?"

मी म्हटलं, मला त्यातलं कळत नाही.

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या."

त्या गेल्यावर मी दार लावून रडले. मग पत्र लिहिलं. नियम मी केला, साहेबांच्या सांगण्यावरून. नोटिसांचं काकांनी मला सांगितलं होतं, मी विसरले. काकांचा दोष नाही. सात ओळी. छापून सही केली. मेलने नको, हातात देणार. साहेब बाहेरगावी आहेत, सोमवारी येतील. सोमवारी सकाळी पहिलं काम हेच. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. आई वाढत राहिली.

१३ मार्च, शुक्रवार

पत्र पर्समध्ये आहे. दोनदा काढून वाचलं. एकही शब्द बदलला नाही.

१४ मार्च, शनिवार

काकांचा फोन आला. ताकीद पोचली त्यांना. आवाज एवढासा झालेला. "पोरी, दोन दिवस आठवून आठवून डोकं दुखायला लागलं. नोटिसांचं तुला सांगायचं माझं राहूनच गेलं का गं?"

"हो काका," मी म्हटलं. "राहून गेलं."