माहेरच्या नावाचा रकाना

मंगळवार संध्याकाळ, पांढरकवडा

कधी एकदा लिहिते असं झालंय. दवाखान्याच्या लॅबमधली, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीची जुनी रजिस्टरं संगणकात उतरवताना मी बायांच्या माहेरच्या नावाचा वेगळा रकाना ठेवला होता. आमचे हेडक्लार्क बडे बाबू म्हणाले होते, "कायले काम वाढवता?" मलाही वाटलं होतं, खरंच उगाच तर नाही ना?

आज दुपारी आठव्या महिन्यातली सुनीता आली. हातपाय इतके दुखत होते, की तिला बोलवेना. जवळ तपासणीचं कार्ड नाही. आधी काही आजार होता का विचारलं, तर नवरा म्हणाला, "मले काईच माईत नाही, मॅडम. लग्नाले सालच झालं."

संगणकात सासरच्या नावानं काहीच सापडलं नाही. मग त्याला तिचं माहेरचं नाव आणि गाव विचारलं. त्या रकान्यात टाकलं, आणि ती शाळेत असतानाची तपासणी समोर आली. तिला सिकलसेल होता. कागद घेऊन मी वॉर्डात पळाले. डॉक्टरांनी लगेच सलाईन, ऑक्सिजन लावला, रक्त मागवून ठेवलं.

निघताना तिला बघून आले. दुखणं उतरलंय, बाळाचे ठोके नीट आहेत. हळूच म्हणाली, "भूक लागून राह्यली, ताई."

तिचं ते बोलणं इतकं गोड वाटलं, की नोकरी लागली तेव्हाचा पेढाही मला तेवढा गोड लागला नव्हता.