सरलाचा मुक्काम

७ फेब्रुवारी १९५३, शनिवार

आज सकाळी पानवेलींकडे जायच्या आधी नातवाची दृष्ट काढली. मीठमोहऱ्या चुलीत टाकल्या तर तडतडल्या कमी, धूरच फार. आनंदी म्हणाली, दृष्ट कसली, मोहऱ्या ओल्या आहेत. बायकोपुढे शास्त्र चालत नाही!

सरला बाळंतपणाला आली, बाळ आता चाळीस दिवसांचं झालं. पाजते, न्हाऊ घालते, सगळं वेळेवर. पण शेजारणीचं पोर सांभाळावं तशी. मांडीवरून उतरवलं की पुन्हा बघत नाही. म्हणून दृष्ट. हा तिसरा शनिवार.

९ फेब्रुवारी

अर्नाळ्याहून व्याह्यांचं पत्र. जावई रामचंद्र आणि विहीणबाई वीस तारखेला न्यायला येणार. रिवाजाप्रमाणे पाळणा आमचा — फणसाच्या लाकडाचा, तयार आहे. सरलाला सांगितलं. ‘जाईन,’ म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘तिथे दिवसभर हसत राहावं लागेल, बाबा. इथे निदान ते नाही.’

मी उठलो. केळी बघायला गेलो.

१४ फेब्रुवारी

मैदानात तंबूचा सिनेमा आलाय. सरलाचं मन रमेल म्हणून तिघं गेलो, बाळ शेजारच्या क्लेमेंटीनबाईंकडे. मध्ये दोर — इकडे पुरुष, तिकडे बायका. चित्रातली आई चारचौघांत पोराचे मुके घेते आणि एकटी पडली की पाळण्याकडे पाठ करून बसते. म्हणते, तू आलास, मग मी कुठे गेले? पुरुषांत शिट्ट्या. क्लेमेंटीनबाईंचा रॉबर्ट म्हणाला, ‘रीळ उलटं लावलं काय रे? अशी असते आई?’ सगळे हसले. मीही.

दोराच्या पलीकडे एक बांगडी वाजली नाही.

१५ फेब्रुवारी

सरला सकाळपासून बोलतेय! तो पाळण्याचा प्रसंग तीनदा सांगून झाला.

दुपारी आनंदी विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होती. विचारलं, असं खरंच होतं का गं?

‘आपला नरहरी झाला तेव्हा त्याला केळीखाली निजवून मी स्टेशनच्या बैलगाडीत जाऊन बसले होते. पापडी गावापर्यंत गेले.’

‘मग?’

‘पान्हा फुटला. लुगडं भिजलं. उतरले.’

‘मला कधी बोलली नाहीस!’

‘तुम्ही त्याची दृष्ट काढण्यात होतात.’

नरहरी सव्वीस वर्षांचा झाला.

१६ फेब्रुवारी

पूजेला बसलो. देवाकडे काय मागायचं तेच सुचेना. नुसता बसलो.

१८ फेब्रुवारी

ते न्यायला यायच्या आधी आपणच अर्नाळ्याला जाऊन सरलाचं सांगायचं, असं ठरवून निघालो. आगाशीच्या देवळात टेकलो तो टेकलोच. तिथूनच परत! घरी म्हटलं, व्याही भेटले नाहीत. देवळातून निघून सरळ खोटं. आनंदीने ताट वाढलं.

१९ फेब्रुवारी

आज गेलो. अर्नाळ्याला ओटीवर सगळ्यांसमोर सांगितलं — पोरीचा जीव अजून बाळात लागलेला नाही. यात तिचा दोष नाही. लागेपर्यंत ती माझ्याकडे राहील, उद्या येऊ नका. विहीणबाई उठून आत गेल्या. वाटलं, संपलं.

त्या पाणी घेऊन आल्या. तांब्या ठेवताना हळूच म्हणाल्या, ‘राहू द्या तिला. आमचा रामचंद्र चालायला लागला, तेव्हा कुठे मला तो माझा वाटला.’